तीन दिवसांची काव

घाटकोपरच्या भटवाडीत वनमालाबाईंना लोक दोन गोष्टींसाठी ओळखत. एक त्यांच्या हातची कुळथाची पिठी आणि दुसरी नागीण. पिठी कुणालाही मिळायची. नागीण घेऊन आलेल्या माणसाला मात्र आधी दाराबाहेरच्या स्टुलावर बसावं लागे, दहा प्रश्नांची उत्तरं द्यावी लागत, आणि त्यातलं एखादं बाईंना पटलं नाही तर "ही ती नाय, घामोळं आहे, पावडर लाव नि गप बस" असं ऐकून परत जावं लागे. एकदा एक माणूस ढेकूण चावलेली पाठ घेऊन आला. त्याला त्यांनी असं झापलं की बिचारा महिनाभर त्यांच्या मजल्यावर फिरकला नाही.

ही विद्या सासूकडून आलेली. कणकवलीजवळच्या गावातून लग्न होऊन त्या मुंबईला आल्या तेव्हा त्यांचे यजमान धोंडिराम गिरणीत होते. वर्षभरात संप झाला आणि गिरणी गेली ती गेलीच. धोंडिराम वॉचमन झाले. बाई एका पाळणाघरात लागल्या आणि पुढची सव्वीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांची पोरं न्हाऊमाखू घातली. अशाच एका मे महिन्यात गावी गेल्या असताना सासूने कावेचा, म्हणजे गेरूचा, खडा त्यांच्या हातात दिला. लाल काव तांदळाच्या धुवणात उगाळायची, दूर्वेच्या काडीने फोडांच्या पट्ट्यावर लावायची आणि पट्ट्याच्या दोन्ही टोकांना एकेक आडवी रेघ ओढायची, म्हणजे नागिणीचं तोंड आणि शेपूट एकमेकांना भेटत नाही. भेटलं की माणूस जातो, असं सगळा गाव मानतो. सासूच्या अटी तीन होत्या. पैसा घ्यायचा नाही. नागिणीचं नाव घ्यायचं नाही, 'लांबडं' म्हणायचं. आणि तीन दिवस काव चढेपर्यंत ते अंग दुसऱ्या कुणाला दाखवायचं नाही, डॉक्टरला तर नाहीच, नाहीतर ती चवताळते.

बाईंकडे आलेली सगळी माणसं बरी झाली. धडधाकट माणसाच्या अंगावरची नागीण बहुतेक वेळा दोन-तीन आठवड्यांत आपली आपणच सुकते, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं आणि त्यांनीही कुणाला विचारलं नव्हतं. पण एक गोष्ट त्यांना खरोखरच कळत असे, ती नाकारण्यात अर्थ नाही. फोड यायच्या एक-दोन दिवस आधी एकाच बाजूची कातडी जळायला लागते, नुसता कपडा लागला तरी चरचरते. त्या दुखण्याचं वर्णन ऐकून बाई ओळखत, आणि त्यांचा अंदाज कधी चुकला नाही.

त्यांची नात निधी. मुलगा सौरभ आणि सून रुचिरा यांची एकुलती एक. निधीला जन्मतःच थॅलेसेमिया होता, म्हणजे तिच्या अंगात धड रक्त तयारच होत नव्हतं. सहा महिन्यांची असल्यापासून दर तीन आठवड्यांनी तिला बाहेरून रक्त चढवायचे. सहाव्या वर्षी बोरिवलीच्या एका हॉस्पिटलमध्ये तिचं बोन मॅरो ट्रान्सप्लांट झालं. पूर्ण जुळणारं कुणी मिळालं नाही, तेव्हा अर्ध्या जुळणाऱ्या सौरभच्या मूळ पेशी तिला दिल्या. आधी जबरदस्त औषधं देऊन तिची जुनी मज्जा संपवली आणि मग बापाच्या पेशी एका पिशवीतून, साध्या रक्तासारख्या, तासाभरात आत गेल्या. वनमालाबाईंना वाटलं होतं मोठं ऑपरेशन असेल. पिशवी बघून त्यांचा थोडा विरसच झाला.

खरी परीक्षा पुढे होती. नव्या पेशी रुजेपर्यंत, आणि रुजल्यावरही कित्येक महिने, मुलीच्या अंगात लढायला कुणी नव्हतं. काचेच्या खोलीत फक्त रुचिरा. बाई बाहेर. दोनदा कुकरला लावलेलं जेवण न्यायचं, शिपायाच्या हातात द्यायचं आणि काचेतून हात हलवायचा. सव्वीस वर्षं पोरं सांभाळलेल्या बाईला स्वतःच्या नातीला हात लावायची बंदी. त्या याबद्दल कधी बोलल्या नाहीत, पण हे त्यांना फार लागलं होतं.

अडतिसाव्या दिवशी निधीच्या रक्तात एक विषाणू सापडला, सीएमव्ही नावाचा. दर आठवड्याला रक्त तपासतात ते यासाठीच. निधीला ना ताप होता ना काही, तरी लगेच सलाइनमधून औषध सुरू झालं. बाईंनी शर्मिष्ठा नावाच्या सिस्टरला गाठलं.

"एवढं सगळं उकळून दिलं, दारातल्या माणसाला आत सोडलं नाय, मग हा आला कुठून?"

"आला नाही आजी. आतच होता," शर्मिष्ठा म्हणाली. "ही एक जात आहे विषाणूंची. लहानपणी एकदा अंगात शिरले की जन्मभर जात नाहीत. पागडीचे भाडेकरू समजा ना. आपली ताकद चांगली असली तर झोपून राहतात. ट्रान्सप्लांटनंतर अंगात कोणी विचारणारं नसतं, मग उठतात. हा एक झाला, कांजिण्यांचाही त्यातलाच. म्हणून तर ती पांढरी गोळी वर्षभर द्यायची आहे."

बाईंना ते पटलं. निधीला तिसऱ्या वर्षी गावी कांजिण्या आल्या होत्या. रुचिरा तेव्हा नोकरीमुळे मुंबईत होती आणि बाईंनीच कडुनिंबाचा पाला घालून पोरीला बरं केलं होतं. त्याच कांजिण्या आतल्या आत दडून बसल्या आहेत एवढं त्यांना कळलं. पण कांजिण्या आणि त्यांची नागीण यांचा काही संबंध असेल, हे त्यांच्या डोक्यात आलं नाही. त्यांच्या लेखी कांजिण्या म्हणजे देवीचं येणं आणि नागीण म्हणजे नागीण.

सीएमव्ही तीन आठवड्यांत आटोक्यात आला. शंभर दिवस झाले, मुलगी घरी आली. वर्षाने प्रतिकारशक्ती दाबून ठेवणारी औषधं बंद झाली, पाठोपाठ पांढरी गोळीही बंद झाली. डॉक्टर इरावतींनी, म्हणजे ज्यांनी ट्रान्सप्लांट केलं त्यांनी, रुचिराला बजावलं की अंगावर काहीही उठलं, कुठेही दुखलं, तर त्याच दिवशी फोन. निधी शाळेत जायला लागली, डोक्यावर नवे, आधीपेक्षा कुरळे केस आले. आणि चौदा महिने बिनपगारी रजा काढलेली रुचिरा एका सोमवारी विक्रोळीच्या ऑफिसात पुन्हा रुजू झाली. निघताना तिने सासूला वाकून नमस्कार केला. एरवी ती नमस्कार फक्त दिवाळीला करायची.

दुसऱ्याच दिवशी, मंगळवारी, आंघोळीच्या वेळी निधी ओरडली.

"आजी, पाणी नको ओतू. टोचतंय."

"खय टोचता?"

"इथे." तिने उजव्या कमरेवरून पोटाकडे हात फिरवला. "जळतं. चड्डीचं इलॅस्टिक पण टोचतं."

बाईंचा हात तांब्यावरच थांबला. कातडी कोरी होती, एक ठिपका नव्हता, तरी त्यांना कळलं. बुधवारी सकाळी त्याच जागी तीन फोड आले, एकमेकांना खेटून, पाण्याचे.

आता इथे बाईंची बाजूही मांडायला हवी. त्यांना नातीचं वाईट करायचं नव्हतं, हे उघडच आहे. रुचिराची नोकरी तिसऱ्या दिवसावर होती. हॉस्पिटल म्हटलं की पुन्हा काचेची खोली, पुन्हा महिने. आणि सासूची अट होतीच. पण खरं कारण याहून साधं होतं, आणि ते त्यांनी पुढे स्वतःच कबूल केलं. चौदा महिने मुलीला एकामागून एक दुखणी आली आणि त्यातल्या एकाचंही नाव त्यांना धड उच्चारता येत नव्हतं. त्या नुसत्या डबे पोचवत राहिल्या. आणि आता एक दुखणं असं आलं होतं जे त्यांचं होतं. याच्यावर त्यांचा हात चालत होता. जे सगळ्या भटवाडीसाठी केलं ते स्वतःच्या नातीसाठी करायचं नाही?

सौरभ एसी दुरुस्तीच्या कंपनीत सुपरवायझर. मे महिना म्हणजे त्याला जेवायला वेळ नाही. दोघं सकाळी आठला बाहेर पडले. बाईंनी काव उगाळली. पट्ट्यावर लेप लावला, दोन्ही टोकांना रेघा ओढल्या, वर जुन्या धोतराची मऊ पट्टी बांधली. निधी सगळं मान वळवून बघत होती.

"हे काय आहे?"

"औषध. तीन दिवस लावूचा. आवशीक सांगू नको हां. कोणाकच सांगू नको. सांगितलं तर लांबडं चिडता."

निधीने मान हलवली. सात वर्षांच्या मुलीला गुपित मिळालं की ती ते दागिन्यासारखं जपते. संध्याकाळी आई आल्यावर तिने फ्रॉक घट्ट धरून ठेवला आणि झोपताना कपडे आजीकडूनच बदलून घेतले.

गुरुवारी पट्टा वाढला. त्यात काही विशेष नाही, दुसऱ्या दिवशी तो वाढतोच. बाईंनी पुन्हा काव लावली. निधी जेवली कमी, पण उन्हाळा होता.

शुक्रवारी तिसरी काव. ती चढवून झाली आणि बाई तिचे केस विंचरायला बसल्या. उजव्या कानामागे, नव्या कुरळ्या केसांच्या मुळाशी, फणीला काहीतरी लागलं. त्यांनी केस बाजूला केले. दोन फोड. जरा वर तिसरा.

बत्तीस वर्षांत त्यांनी पट्टा सोडून भलतीकडे गेलेली नागीण पाहिली नव्हती. कंबरेची असेल तर कंबरेवर राहते, कपाळाची असेल तर कपाळावर. ही कमरेवरून थेट डोक्यात कशी गेली?  मग त्यांच्या लक्षात आलं. ही त्यांची नागीण नव्हती. हे त्या काचेच्या खोलीतल्या दुखण्यांपैकी एक होतं आणि त्यांनी ते तीन दिवस फडक्याखाली बांधून ठेवलं होतं.

पुढे जे केलं ते मात्र माफ करण्याजोगं नाही, असं त्या स्वतः म्हणतात. त्यांनी निधीला मोरीत नेलं आणि साबण लावून काव धुऊन काढली. पोरगी दुखतंय म्हणून रडली तरी घासली. मग पट्टी लपवली, हात पुसले आणि रुचिराला फोन लावला.

"पोरीच्या कमरेवर कायतरी आलंय गं. आताच बघितलं."

रुचिरा पंचवीस मिनिटांत घरी आली. रिक्षाने जोडरस्ता, हायवे, बोरिवली, सव्वा तास. रुचिराने सगळ्या वाटेत एवढंच म्हटलं, "बरं झालं तुमचं लक्ष गेलं, आई." बाई बाहेर बघत राहिल्या.

डॉक्टर इरावतींनी पट्टा पाहिला आणि लगेच म्हणाल्या, "नागीण आहे. कांजिण्यांचाच विषाणू, आत झोपलेला होता, उठला. कधी आलं?"

"आज सकाळी," रुचिरा म्हणाली. "आईंनी आंघोळ घालताना बघितलं, लगेच मला फोन केला."

कांजिण्यांचाच, हे ऐकून बाई खुर्चीत जराशा मागे सरकल्या.

"पहिलाच दिवस म्हणजे वेळेत आलात," डॉक्टर म्हणाल्या. "पट्टा एका बाजूलाच आहे, ताप नाही. प्रतिकारशक्ती दाबणारी औषधंही बंद आहेत. असं असेल तर मी गोळ्या देऊन घरी पाठवते, सोमवारी परत बघू. दुसरीकडे कुठे फोड?"

"नाही," रुचिरा म्हणाली.

डॉक्टरांनी छाती पाहिली, तोंड पाहिलं. मग निधीकडे वळल्या. "काय गं, कधीपासून दुखतंय?"

निधीने आधी आजीकडे पाहिलं. आजीने काही खूण केली नाही, तिला करायचं सुचलंही नाही. निधी डॉक्टरांकडे वळली आणि म्हणाली, "आजच."

पाळणाघरात बाईंनी शेकडो पोरांची खोटी बोलणी ऐकली होती. पोरं खोटं बोलताना अडखळतात, पायाच्या बोटांकडे बघतात. निधी अडखळली नाही. तीन दिवस जळणारी कंबर घेऊन ती आजीसाठी चोख खोटं बोलली.  आजवर बाईंना स्वतःची लाज वाटली नव्हती, ती त्या क्षणी वाटली.

"मंगळवारपासून," त्या म्हणाल्या.

रुचिराने मान वळवली. "काय?"

"मंगळवारी दुखायला लागलं. बुधवारी फोड आले. मी काव लावली तीन दिवस. सकाळी धुतली." त्यांचा आवाज चढला होता, जणू त्या दुसऱ्या कुणाला दरडावत होत्या. "आणि डोक्यात पण आहेत. उजव्या कानामागे. तीन."

डॉक्टर उठल्या, केस बाजूला करून पाहिले. रागावल्या नाहीत. रागवायला त्यांना वेळ नव्हता. काव कशात उगाळली, पाणी कुठलं, फोड फुटले होते का, मुलगी पोटात दुखतं म्हणाली का, एवढं भराभर विचारलं, आणि फोन उचलून वेगळी खोली तयार करायला सांगितली. तीन वाजता निधीच्या शिरेतून औषध सुरू झालं.

शनिवारी सकाळी छातीवर, पाठीवर, कपाळावर मिळून चाळीसेक फोड उठले होते आणि यकृताचे आकडे चढले होते. डॉक्टर इरावती खोलीबाहेर येऊन सौरभ-रुचिराला म्हणाल्या, "हा आता नुसता कातडीचा आजार राहिलेला नाही. काल औषध शिरेतून गेलं म्हणून आपल्या हातात काहीतरी आहे. गोळ्यांवर सोमवारपर्यंत घरी राहिली असती तर मला तुमच्याशी वेगळं बोलावं लागलं असतं. पुढचे तीन दिवस महत्त्वाचे."

त्यातच आणखी एक घोळ झाला. हा विषाणू ज्यांना कांजिण्या आलेल्या नाहीत त्यांना लागतो, म्हणून खोलीत कोण थांबणार हे ठरवायला घरच्यांची रक्ततपासणी झाली. रुचिराला लहानपणी कांजिण्या आलेल्याच नव्हत्या. तिला आत जायला मनाई. सौरभ चालला असता, आणि वनमालाबाई, त्यांच्या तर नाकावर कांजिण्यांचा वण अजून होता. रात्री सौरभ, दिवसा आजी, असं ठरलं. ज्या बाईला त्या मुलीपासून चार हात लांब ठेवायला हवं होतं असं सगळ्यांना वाटत होतं, तीच तिच्या उशाशी बसली, आणि आई काचेबाहेर.

आत जाण्याआधी रुचिराने त्यांना गॅलरीत थांबवलं. ती रडत नव्हती.

"काव लावलीत ते मी एक वेळ सोडून देईन, आई. तुम्हाला वाटलं बरं होईल. पण तिला माझ्यापासून लपवायला शिकवलंत. हिच्या अंगात अजून काय काय झोपलंय मला माहीत नाही. कुठे दुखतंय ते ती सांगणार, म्हणून मी जगतेय. उद्या तिने सांगितलंच नाही तर मी काय करू?"

 बाईंनी हात धुतले आणि त्या आत गेल्या.

पहिले दोन दिवस निधी बहुतेक झोपूनच होती. ताप चढत-उतरत होता. बाई खुर्चीवर बसून सलाइनचे थेंब बघत. देवाचं नाव घ्यायला गेलं तर सासू आठवायची, म्हणून त्यांनी तेही सोडलं. सोमवारी नवे फोड यायचे थांबले. मंगळवारी यकृताचे आकडे उतरणीला लागले. डॉक्टर म्हणाल्या, वळली गाडी. सौरभ खाली चहाच्या टपरीवर जाऊन एकटाच रडून आला. बाईंनाही सुटल्यासारखं वाटलं, पण ते फार टिकलं नाही.

कारण रोज सकाळी शर्मिष्ठा सिस्टर येऊन विचारायची, "निधी, कुठे दुखतंय का आज?" आणि निधी आधी आजीकडे बघायची. रोज. क्षणभरच, पण बघायची. बाईंचा चेहरा वाचायची आणि मग म्हणायची, "नाही." एकदा तिची सुई लावलेली शीर सुजून हात टम्म झाला होता, तरीही "नाही." सिस्टरने हात धरला तेव्हा ती कळवळली.

त्या दिवशी बाईंनी खुर्ची ओढून तिच्या समोर घेतली. शर्मिष्ठा पट्टी बदलत होती, तिच्या देखतच.

"बाय, माझ्याकडे बघ. आजी चुकली. मी तुका सांगितलंय कोणाक सांगू नको, ता चुकीचा सांगितलंय. मोठी माणसा पण चुकतत."

निधी विचारात पडली. "पण मग लांबडं चिडेल ना?"

 सासू, तिची सासू, गावातल्या किती पिढ्या त्या शब्दामागे उभ्या होत्या. "चिडू दे तेका," बाई म्हणाल्या. "लांबडं-बिंबडं काय नाय. ते कांजिण्यांचे किडे. खय दुखला की सांगायचा. डॉक्टरक, मम्मीक, सगळ्यांक. आजी नको म्हणाली तरी सांगायचा. आजी नको म्हणाली तर आधी सांगायचा."

शर्मिष्ठाने पट्टी पूर्ण केली. बाईंना वाटलं, झालं, सुटली गाठ. दुसऱ्या दिवशी सकाळी सिस्टरने विचारलं आणि निधीने पुन्हा आधी आजीकडे पाहिलं. पोरांच्या अंगात एक गोष्ट घालायला एक सकाळ पुरते. काढायला किती लागतात, हे पाळणाघराच्या बाईला कुणी सांगायला नको होतं.

बाराव्या दिवशी निधी घरी आली. पुढे बरेच दिवस गोळ्या. कमरेवर तपकिरी डागांचा अर्धा पट्टा राहिला. तो फिका होईल, जाणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. रुचिराला कांजिण्या आल्या नाहीत, तीन आठवडे पाहून तीही कामावर गेली. निधीला सांभाळायला दुसरं कोण होतं? वनमालाबाईच. पण रुचिरा आता त्यांच्याशी कामापुरतं बोलायची. "गोळी दिली?" "दूध आणलंय." "येते." एक शब्द जास्त नाही, आणि आवाजही चढवायची नाही. बाईंना वाटे, एकदा घर डोक्यावर घेऊन भांडून तरी टाकावं हिने. सुनेचा हा शहाणा, थंड आवाज त्यांना शिव्यांहून जड जात होता.

मधेच तिसऱ्या मजल्यावरचा खंडू बरगडीवर नागीण घेऊन स्टुलावर येऊन बसला. बाईंनी त्याला पाहिलं, दुखणं कधी सुरू झालं ते विचारलं आणि चपला घातल्या.

"चल. डॉक्टरकडे. तीन दिवसांच्या आत गोळी चालू झाली पाहिजे."

"अहो मावशी, मी कावेसाठी आलोय. डॉक्टरला काय झाट कळतं यातलं?"

"मला काय कळतं ते मला विचार," बाई म्हणाल्या आणि त्याच्या दंडाला धरून त्याला जिन्याने खाली नेलं. मावशींच्या हाताला आता गुण राहिला नाही, असं खंडूने भटवाडीभर केलं. बाईंनी ते होऊ दिलं.

सहा आठवड्यांनी बोरिवलीला तपासणी होती. सौरभला सुट्टी नव्हती, म्हणून तिघीच गेल्या. डॉक्टर इरावतींनी डाग पाहिले, रिपोर्ट चाळले आणि नेहमीचा प्रश्न विचारला.

"काय निधीताई, काही तक्रार?"

बाईंनी मुद्दाम मान फिरवली आणि भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला लागल्या. चेहराच नको, म्हणजे वाचायला काही नको. गेले सहा आठवडे त्या अशाच प्रत्येक वेळी दुसरीकडे बघत आल्या होत्या.

"आहे," निधीचा आवाज आला. "डावा गुडघा दुखतो, मी पळते तेव्हाच. दात हलतोय. आणि काल आजीने मला कोकम सरबत दिलं ना, त्यात माठातलं पाणी होतं. उकळलेलं नव्हतं. मी बघितलं."



"माठात फिल्टरचंच..." बाई पुटपुटल्या.

"फिल्टरचं? आई, किती वेळा सांगितलं तुम्हाला, माठाला हात लावायचा नाही म्हणून?" रुचिरा खुर्चीतून अर्धी उठली होती. "स्टीलचा पिंप कशाला आणलाय मी? त्यावर एवढ्या मोठ्या अक्षरात लिहिलंय 'निधी'. चष्मा कुठे असतो तुमचा? आणि सरबत कशाला पाहिजे होतं भर दुपारी, तिला सर्दी..." ती बोलतच राहिली. दोन महिन्यांचं साठलेलं सगळं त्या माठावरून, पिंपावरून, चष्म्यावरून बाहेर पडत होतं, आणि डॉक्टरांनी पेन खाली ठेवून तिला बोलू दिलं.

वनमालाबाई मान खाली घालून ऐकत होत्या. त्यांचे डोळे भरून आले होते. एवढी बोलणी त्यांनी सासूचीसुद्धा खाल्ली नव्हती, आणि ही संपू नयेत असं त्यांना वाटत होतं.

रुचिरा श्वास घ्यायला थांबली तेव्हा निधीने बोट वर केलं.

"अजून एक आहे."

"सांग गो बाय," वनमालाबाई म्हणाल्या. "सगळा सांग."